शेवंडीची पिल्ले एका टाकीत एकमेकांना का खातात?

उत्तरकिनारा (धागाकर्ती)

नमस्कार. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान बीज केंद्रात मी दोन वर्षांपासून युरोपीय शेवंडीची पिल्ले वाढवण्याचे काम करते आहे. ही शेवंड कोकणात मिळणाऱ्या शेवंडीहून वेगळी आहे. हिला पुढे दोन भक्कम नांग्या असतात, जिवंतपणी तिचा रंग गडद निळा असतो आणि थंड समुद्राच्या खडकाळ तळावर ती एकेकटी राहते. पाणी, खाद्य आणि रोग यांची काळजी सगळ्याच बीज केंद्रांना असते. आम्हाला त्यांच्या जोडीला आणखी एक काळजी आहे, ती म्हणजे एकत्र ठेवलेली पिल्ले एकमेकांना खातात.

मादी अंडी शेपटीखाली चिकटवून जवळजवळ वर्षभर बाळगते. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम आठ मिलिमीटरचे असते आणि पाण्यात तरंगत राहते. या तरंगत्या काळात ते तीन अवस्थांतून जाते, म्हणजे प्रत्येक वेळी कात टाकून थोडे मोठे होते. सुमारे १८ ते २० अंश सेल्सियसच्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ते चौथ्या अवस्थेला पोहोचते. त्या कातीतून जे बाहेर येते ते पहिल्यांदाच मोठ्या शेवंडीसारखे दिसते. दोन्ही नांग्या पुढे ताणून ते सरळ पोहते आणि काही दिवसांत तळ शोधू लागते. तरंगत्या पिल्लांच्या टाक्या तळाशी निमुळत्या असतात व खालून हवा आणि पाणी सोडून त्या सतत ढवळत्या ठेवतात, म्हणजे पिल्ले एका जागी गोळा होत नाहीत. हवा थोडा वेळ जरी बंद पडली तरी ती तळाशी बसतात आणि ज्याला जे हाताशी येईल ते ते धरते. त्या वयात समोरचे पिल्लू आणि खाद्याचा तुकडा यांत त्याला काही फरक वाटत असेल, असे मला पाहताना कधी जाणवले नाही.

चौथ्या अवस्थेनंतर मात्र चित्र बदलते. त्या वेळी पिल्ले वेगळी केली नाहीत तर टाकीतली संख्या रोजच्या रोज घटत जाते. म्हणून नांगीवाल्या शेवंडीच्या बीज केंद्रांत या टप्प्यावर प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र कप्पा देतात. आमच्याकडेही तसेच आहे. आमच्या केंद्रात सगळे जण या पिल्लांना भांडखोर म्हणतात आणि आरंभी मीही तसेच म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात मी परवानगी घेऊन थोडी पिल्ले एका उथळ ट्रेमध्ये एकत्र ठेवली आणि काही रात्री मंद लाल उजेडात त्यांच्याशेजारी बसून राहिले. जे दिसले त्यामुळे मी गोंधळात पडले आहे आणि हा धागा त्यासाठीच काढला आहे. दोन पिल्ले समोरासमोर आली की ती मिशा एकमेकांवर फटकारतात, नांग्या रुंद पसरून अंग उंच करतात, क्वचित नांगीत नांगी अडकवतात. मग एकजण शेपटीचा झटका देऊन मागे उडतो आणि प्रकरण तिथेच संपते. अशा भेटी रात्रभर होत राहिल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांतून कोणीही मेले नाही. मरण दिसले ते दुसऱ्याच वेळी. एखादे पिल्लू कात टाकायला आडवे झाले की शेजारचे पिल्लू कसलाही आविर्भाव न करता, मिशाही न फटकारता, सरळ त्याच्याकडे चालत जाई आणि खायला लागे.

आपण ज्याला आक्रमकता म्हणतो त्या एका शब्दाखाली या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र ठेवल्या आहेत, असे मला आता वाटते. पहिली जागेसाठीची आणि मानासाठीची कुरबुर आहे. दुसरी भूक आहे. टाकीतले मरण बहुतांशी दुसरीतून येते, पण उपाय मात्र आपण पहिलीवर शोधतो. कोळंबी, चिंबोरी किंवा शेवंड यांच्याशी कामाचा संबंध असणाऱ्यांनी आपले निरीक्षण कृपया सांगावे.

देवबागकर

धागा मनापासून आवडला. आमचे घर तीन पिढ्या मासेमारीत आहे, त्यामुळे शेवंड लहानपणापासून पाहिली आहे, पण ती मिशांची, नांगी नसलेली. तुमचे वर्णन वाचून मला सर्वांत आधी आश्चर्य वाटले ते एकेकटे राहण्याचे. आमच्याकडे खडपाच्या एखाद्या कपारीतून पाच-सहा जोड्या मिशा एकत्र बाहेर आलेल्या दिसतात. जिथे एक सापडते तिथे आणखी असणार, असे धरूनच आम्ही जाळे टाकतो. पकडलेल्या जिवंत शेवंडी एका टोपलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या तरी त्या एकमेकींना मारत नाहीत. पाय आणि मिशा मोडतात त्या आमच्या हाताळण्याने. मग तुमच्या शेवंडीत आणि आमच्या शेवंडीत हा फरक केवळ नांगीमुळे आहे का? नांगी असती तर आमचीही अशीच वागली असती का?

जुना वर्सोवा

मत्स्यसंशोधनातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, तरी या विषयावर न लिहिता राहवत नाही. देवबागकरांचा प्रश्न मोलाचा आहे. मराठीत दोघींना शेवंड म्हणत असलो तरी या दोन निरनिराळ्या कुळांतील प्राणी आहेत आणि त्यांचे बालपण फार वेगळे असते. नांगीवाल्या शेवंडीचे पिल्लू दोन-तीन आठवडे तरंगते, तर काटेरी शेवंडीचे, म्हणजे देवबागकरांच्या नांगी नसलेल्या शेवंडीचे, पिल्लू पानासारखे चपटे व काचेसारखे पारदर्शक असते आणि अनेक महिने खुल्या समुद्रात वाहत राहते. म्हणून तिचे बीज केंद्रात तयार करणे अतिशय कठीण जाते. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकापासून समुद्रातल्या पिंजऱ्यांत काटेरी शेवंडी वाढवतात, पण त्या धंद्याला बीज समुद्रातूनच धरून आणावे लागत आले आहे.

काटेरी शेवंड तळाला टेकल्यावर अगदी लहान असताना एकटी लपून राहते आणि थोडी मोठी झाल्यावर इतरांच्या वासाने त्यांच्या बिळाकडे ओढली जाते. कॅरिबियन समुद्रातील एका जातीवर हे प्रयोगांनी चांगले दाखवले गेले आहे. त्याच जातीत २००६ मध्ये आणखी एक गोष्ट प्रकाशित झाली, ती मला आजही थक्क करते: विषाणूची लागण झालेल्या सोबतिणीला निरोगी शेवंडी टाळतात आणि ती आजारी दिसू लागण्याच्या आधीपासूनच टाळतात. सोबत राहणाऱ्या प्राण्याला सोबतीचे धोकेही ओळखावे लागतात. बिळाच्या तोंडाशी काटेरी मिशांची रांग उभी राहिली की ती सर्वांच्याच संरक्षणाला उपयोगी पडते. नांगीवालीचे संरक्षण तिच्या स्वतःच्या नांगीत आणि तिच्या एकटीच्या बिळात आहे. त्यामुळे नांगी हे कारण आहेच, पण त्याहून खोलवर राहणीचा फरक आहे.

तरीही देवबागकरांनी आपल्या शेवंडीला निरुपद्रवी समजू नये. पिंजऱ्यात किंवा टाकीत दाटी झाली, खाद्य कमी पडले आणि एखादीने कात टाकली, की काटेरी शेवंडीही तिला खातात. धागाकर्तीने जे दोन भाग पाडले आहेत त्यांतला दुसरा भाग दोन्ही कुळांत सारखाच आहे, आणि तिच्या म्हणण्याला यातून बळ मिळते.

मज्जापेशी

मी अमेरिकेत मज्जासंस्थेच्या अभ्यासात आहे. आमच्या क्षेत्रात नांगीवाली शेवंड हा जुना प्रयोगप्राणी असल्यामुळे पहिल्या भागाबद्दल, म्हणजे मानाच्या कुरबुरीबद्दल, थोडे सांगतो.

या भांडणांची भाषा वासाची आहे. शेवंडीचे मूत्र डोक्याकडून, मोठ्या मिशांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते आणि ती ते समोरच्याच्या दिशेने सोडू शकते. समोरची शेवंड लहान मिशांवरील बारीक केसांनी ते हुंगते. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत येले आटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, एकदा हरलेली शेवंड त्याच विजेत्यासमोर पुन्हा आली की बहुधा न लढताच माघार घेते आणि ही ओळख एक ते दोन आठवडे टिकते. अनोळखी शेवंडीसमोर मात्र ती पुन्हा लढते. मूत्राचा मार्ग बंद केला तर ही ओळख पटत नाही आणि दुसऱ्या दिवशीची लढतही पहिल्यासारखीच लांबते. धागाकर्तीला दिसलेल्या भेटी कोणाच्याही मरणावाचून संपत होत्या, याचे मोठे कारण हेच असावे.

हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅविट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये दाखवले की, सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतले द्रव्य टोचल्यावर शेवंड अंग उचलून विजेत्यासारखी उभी राहते आणि ऑक्टोपामिन हे तसेच दुसरे द्रव्य टोचल्यावर सपाट होऊन पराभूतासारखी दिसते. या प्रयोगाचा दाखला अलीकडे माणसांच्या समाजाबद्दल बोलताना वाटेल तसा दिला जातो, म्हणून सांगतो की त्यातून सिद्ध होते ते एवढेच: शरीराची ठेवण ठरवणाऱ्या मज्जापेशींवर ही द्रव्ये काम करतात.

आता धागाकर्तीसाठी एक गुंतागुंत. नांगीवाल्या अमेरिकन शेवंडीवर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, कात टाकण्याच्या आधीच्या काळात शेवंडीची आक्रमकता वाढते आणि प्रत्यक्ष कात टाकण्याच्या सुमारास ती ओसरते. लवकरच मऊ होणाऱ्या प्राण्याने आधी जागा मिळवून ठेवावी, असा त्याचा अर्थ लावता येतो. म्हणजे तुमच्या ट्रेमध्ये काल ज्याने सर्वांना हुसकावले तेच पिल्लू आज खाल्ले जात असेल. कुरबूर आणि भूक या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी कातीच्या घड्याळाने त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत.

उत्तरकिनारा

मज्जापेशी यांनी सांगितलेले वाचून मी माझी वही पुन्हा काढली. मी पिल्लांच्या पाठीवर खुणा केल्या नव्हत्या, त्यामुळे हुसकावणारे पिल्लू आणि मेलेले पिल्लू एकच होते की नाही हे मला आता सांगता येणार नाही. ही माझी मोठी चूक झाली. पुढच्या वेळी खूण करीन, पण कातीबरोबर खूणही जाते, तेव्हा प्रत्येक कातीनंतर ती पुन्हा करावी लागेल.

खारफुटी

मी सिंधुदुर्गात एका महिला बचत गटाबरोबर खाडीतल्या चिंबोऱ्या वाढवते. आमचा अनुभव शब्दशः तोच आहे, म्हणून लिहिते. कांदळवनाच्या कडेला कुंपण घालून आम्ही पिल्ले सोडली तेव्हा पहिल्या वर्षी सगळ्या आकारांची पिल्ले एकत्र सोडली होती. काढणीच्या वेळी थोड्याच पण मोठ्या चिंबोऱ्या मिळाल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी शिकलो. पिल्ले निवडून सारख्या आकाराची सोडायची. तळावर पाइपाचे तुकडे, फुटकी कौले आणि फांद्या टाकायच्या, म्हणजे मऊ झालेल्या चिंबोरीला लपायला जागा मिळते. आणि खाद्य संध्याकाळी, तेही एका ठिकाणी न टाकता कडेकडेने पसरून टाकायचे, कारण एका जागी टाकले की तिथे दोन-चार मोठ्या चिंबोऱ्या ठाण मांडतात आणि उपाशी राहिलेल्या दुसरीकडे काय मऊ मिळते ते शोधत फिरतात. या तिसऱ्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त फरक पडला, असे माझे मत आहे.

मऊ कवचाची चिंबोरी विकणारे लोक प्रत्येक चिंबोरीला वेगळा डबा देतात आणि दिवसरात्र दर काही तासांनी डबे तपासतात, कारण पाण्यात राहिली तर तिचे कवच लगेच टणक व्हायला लागते. त्यांचे डबे बघितल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे. एवढे सगळे डबे स्वच्छ ठेवणे आणि प्रत्येकाला वेगळे खाद्य घालणे तुम्हाला तिकडे कसे परवडते, ताई?

उत्तरकिनारा

खारफुटीताई, परवडत नाही, आणि नांगीवाल्या शेवंडीची शेती अजून फारशी उभी राहिली नाही याचे मुख्य कारण हेच आहे. शेवंड उबदार पाण्यात ठेवली तर सुमारे ३०० ग्रॅमची व्हायला दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि तेवढा काळ प्रत्येकीला वेगळा कप्पा, वाढत्या अंगाप्रमाणे मोठा कप्पा, रोजचे खाद्य आणि रोजची सफाई द्यावी लागते. नॉर्वेतल्याच क्वित्सोय बेटावर यासाठी खाद्य घालणारी आणि कॅमेऱ्याने कप्पे तपासणारी यंत्रे बसवण्याचे प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टो येथील राष्ट्रीय शेवंड बीज केंद्रात लहान पिल्लांसाठी एकावर एक रचलेल्या कप्प्यांची पद्धत वापरतात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पिल्ले मावतात आणि पाणी सर्वांतून फिरते. समुद्रात टांगलेल्या कप्प्यांचाही उपाय आहे. त्यांत लाटांबरोबर येणारे बारीक जीव आणि भिंतींवर वाढणारे शेवाळ व शंख-शिंपले पिल्लू खाते, त्यामुळे खाद्याचा खर्च वाचतो.

पण कप्प्याचा दुसरा एक परिणाम मला जास्त अस्वस्थ करतो. मोठ्या शेवंडीच्या दोन नांग्या सारख्या नसतात. एक जाड आणि चुरडणारी असते, दुसरी बारीक आणि कापणारी. चौथ्या अवस्थेत मात्र दोन्ही सारख्याच असतात, आणि कोणती बाजू चुरडणारी होणार ते चौथ्या-पाचव्या अवस्थेत कोणत्या नांगीचा वापर जास्त होतो यावरून ठरते. टोरंटो येथील गोविंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासून पुढे हे प्रयोगांनी दाखवले. पिल्लांना कालव्याच्या शिंपल्याचे तुकडे धरायला दिले तर नांग्या नेहमीसारख्या घडतात. गुळगुळीत तळाच्या रिकाम्या कप्प्यात ठेवली तर पुष्कळ पिल्लांना दोन्ही नांग्या कापणाऱ्याच येतात आणि त्यांना चुरडणारी नांगी पुढे कधीच मिळत नाही. म्हणजे आपण पिल्लाला मरणापासून वाचवतो आणि त्याच वेळी शिंपला फोडण्याचे त्याचे हत्यार काढून घेतो. आमच्या कप्प्यांत मी आता शिंपल्याचा चुरा टाकते. सफाई करणाऱ्या सहकाऱ्यांना त्याचा त्रास होतो हे मला दिसते, पण यात मी तडजोड करणार नाही.

भांडण थांबवायला नांगीच काढून टाकावी किंवा नांगीचे हलते बोट कापावे, असेही प्रयोग १९७० आणि १९८० च्या दशकांत झाले आहेत. पुढच्या काही कातींत नांगी पुन्हा वाढते, त्यामुळे ते परत परत करावे लागते. मला ते योग्य वाटत नाही. शिवाय माझ्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर नांगी नसलेल्या काटेरी शेवंडीही कातीत सापडलेल्या सोबतिणीला खातातच, हे वर जुना वर्सोवा यांनी सांगितले आहे.

खडपपाणी

मला यातले तांत्रिक ज्ञान नाही, पण एक शंका विचारतो. तुमच्या केंद्रातील पिल्ले शेवटी समुद्रात सोडतात, असे मी समजतो. जन्मापासून एकट्या कप्प्यात वाढलेल्या पिल्लाला भांडता येत नसेल, लपता येत नसेल, तर ते समुद्रात जगणार कसे? आणि समुद्रात जन्मलेली पिल्ले त्या वयात एकमेकांशी कशी वागतात?

उत्तरकिनारा

तुमची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. १९९० ते १९९४ या काळात क्वित्सोयच्या आसपास सुमारे १,२८,००० खूण केलेली पिल्ले सोडली गेली आणि त्यांतील काही पुढे मोठी होऊन पकडली गेली. अंडी बाळगणाऱ्या माद्याही त्यांत होत्या, म्हणजे कप्प्यात वाढलेली शेवंड समुद्रात जगू शकते आणि वंशही वाढवू शकते. मात्र सोडल्यानंतरचा पहिला तास-दोन तास फार घातक असतात. पिल्लू उघड्यावर फिरत राहते, बीळ शोधायला वेळ लावते आणि तेवढ्यात लहानमोठे मासे आणि खेकडे त्याला गाठतात. सोडण्याआधी काही काळ खडे, शिंपले आणि आडोसा असलेल्या टाकीत ठेवलेली पिल्ले आडोशाचा वापर शिकतात, म्हणून आता सोडण्यापूर्वी तशी सवय लावण्याकडे कल आहे. त्यासाठी पिल्ले थोडे दिवस एकत्र ठेवावीत का, यावर आमच्याकडे वाद आहे. माझे मत एकत्र ठेवावीत असे आहे, कारण समुद्रात गेल्यावर बिळाच्या दाराशी कोणीतरी आडवे येणारच, आणि माघार कधी घ्यायची हे त्याने आधी शिकलेले बरे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार विलक्षण आहे. अमेरिकन शेवंडीची तेवढी लहान पिल्ले किनाऱ्याजवळच्या गोट्यांच्या तळात सापडतात आणि त्यांचा चांगला अभ्यास झाला आहे. युरोपीय शेवंडीची तळावर नुकतीच उतरलेली पिल्ले मात्र अनेक देशांच्या संशोधकांनी एकत्र येऊन शोधली तरी समुद्रात सापडली नाहीत. आम्ही दररोज ज्यांना हाताळतो, ज्यांच्या वागण्याबद्दल बोलतो, त्यांना त्यांच्या घरी कोणी नीट पाहिलेले नाही. टाकीतले त्यांचे वागणे हे टाकीतले वागणे आहे, एवढेच मी खात्रीने म्हणू शकते.

जुना वर्सोवा

धागाकर्तीच्या विभागणीला मी वर पाठिंबा दिला, पण एका बाबतीत मला तिला थांबवायचे आहे. मानाच्या कुरबुरीतून मरण येत नाही, म्हणून ती शेतीच्या दृष्टीने दुय्यम आहे, असा सूर हळूहळू चर्चेत येतो आहे. तो मला मान्य नाही.

गोड्या पाण्यातली स्कॅम्पी कोळंबी पाहा. एकाच दिवशी सोडलेल्या नरांचे काही महिन्यांत तीन थर पडतात: बुटके नर, नारिंगी नांगीचे नर आणि निळ्या लांब नांगीचे नर. निळे नर राज्य करतात आणि त्यांच्या उपस्थितीत बुटके नर वाढतच नाहीत. निळे नर काढून घेतले की दबून राहिलेल्यांतून काही झपाट्याने वाढतात आणि निळे होताना आपल्या आधीच्या राजापेक्षाही मोठे होतात. म्हणूनच मोठे नर अधूनमधून काढून घेणारा शेतकरी एकदम सगळे तळे उपसणाऱ्यापेक्षा शहाणा ठरतो. इथे कोणी कोणाला खाल्ले नाही, तरी नुकसान झालेच. ते मेलेल्यांच्या मोजणीत दिसत नाही, वजनाच्या काट्यावर दिसते.

नांगीवाल्या शेवंडीतही असेच आढळले आहे. मोठ्या शेवंडीवरून आलेले पाणी लहान शेवंडीच्या कप्प्यातून वाहिले तर दोघींचा स्पर्श न होताही लहानीची वाढ मंदावते, असे १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून पुढे आले. मज्जापेशी यांनी सांगितलेल्या वासाच्या भाषेशी हे जुळते. तुमचे कप्पे वेगळे असले तरी पाणी एकच आहे, तेव्हा तुम्ही भांडण बंद केलेले नाही, फक्त त्याचे हातपाय बांधले आहेत.

मुंबईच्या समुद्रातली वाळूतली चपटी शेवंड १९९४ नंतर जवळजवळ मिळेनाशी झाली, तो काळ मी पाहिला आहे. ट्रॉलर तिला सरसकट उचलत होते आणि अंड्यांच्या माद्यांनाही सोडत नव्हते. आपल्या देशातून निर्यात होणाऱ्या शेवंडींसाठी किमान वजने ठरली ती २००३ मध्ये. मुंबईकडच्या काटेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम आणि चपटीसाठी १५० ग्रॅम. गेलेली परत आणायची तर बीज केंद्रे लागतील आणि त्यांना प्रत्येक पिल्लू जगवण्याइतकेच प्रत्येक पिल्लू वाढवण्याचेही शिकावे लागेल, म्हणून हा मुद्दा मी सोडत नाही.

उत्तरकिनारा

सर, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. आमच्या कप्प्यांच्या रांगेत पाणी वरून खाली उतरते, आणि गेल्या वर्षी आम्ही मोठी झालेली पिल्ले सोयीसाठी वरच्या रांगांत ठेवली होती. खालच्या रांगांतली पिल्ले मागे पडली तेव्हा आम्ही दोष खाद्याला दिला. आता रांगा उलट करून पाहते, म्हणजे लहान वर आणि मोठी खाली, आणि दोन्ही गटांना एकाच पोत्यातले खाद्य देते. कुरबुरीला दुय्यम म्हणण्याची घाई मी केली होती.

देवबागकर

चर्चा वाचताना एक गोष्ट आठवली, ती सांगून ठेवतो. नुकतीच कात टाकलेली शेवंड जाळ्यात आली तर वडील ती इतरांबरोबर टोपलीत कधी ठेवत नसत, वेगळ्या डब्यात ठेवत. मी समजत होतो की ती चेपून जाऊ नये म्हणून. आज विचारले तर म्हणाले, चेपते म्हणूनही आणि बाकीच्या तिला लागतात म्हणूनही.

खारफुटी

ताई, मला शेवटचा एक प्रश्न आहे. मरण कातीच्या वेळीच येत असेल, तर कात कधी टाकणार हे आधी कळले की तेवढीच पिल्ले वेगळी काढता येतील आणि सगळ्यांना बारा महिने डबे लागणार नाहीत. तुम्हाला ते आधी कळते का? आमच्याकडे जुनी माणसे अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असे सांगतात, पण डबेवाल्यांचे काम त्यावर चालत नाही.

उत्तरकिनारा

कळते, ताई. शेवंडीच्या शेपटीखाली पोहण्याचे चपटे पाय असतात. त्यांतल्या एकाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले की जुन्या कातीच्या आत नवी कात सुटी होत जाताना दिसते: आधी कडेला एक स्वच्छ पट्टी मोकळी होते, मग तिच्या आत नव्या केसांची मुळे उमटतात आणि ती जितकी स्पष्ट तितकी कात जवळ. मोठ्या शेवंडीवर ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. एवढ्या लहान पिल्लांना रोज उचलून काचेखाली धरणे त्यांना कितपत सोसेल, तेच मला आता पाहायचे आहे. पुढच्या खेपेला शिंपल्याचा चुरा घातलेल्या एका ट्रेमध्ये पिल्ले एकत्र ठेवून, तुमच्यासारखे खाद्य पसरून टाकून, ज्यांच्या पायात पट्टी दिसेल तेवढीच कातीपुरती बाजूला काढणार आहे.

चिंबोरीच्या सर्वांत मागच्या, वल्ह्यासारख्या पायाची कड पातळ असते. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा एखादीचा तो पाय उजेडासमोर धरून आत दुहेरी रेघ दिसते का ते कृपया पाहा, आणि ती चिंबोरी त्यानंतर किती दिवसांनी मऊ झाली तेही लिहून ठेवा.

खारफुटी

उद्या सकाळच्या ओहोटीला जाणारच आहे. पाहून इथेच लिहिते.